तू

मोठ्या हॉटेलच्या काउंटरवर आयुष्य काढलेल्या माणसाची जीभ अशी वळलेली असते, की तो वाटेतल्या मांजरालासुद्धा 'जरा बाजूला होता का' म्हणेल. आपला काउंटरवाला तसाच होता. त्यात वडिलांचा धाक. आईला 'अगं आई', पण वडिलांना जन्मभर 'तुम्ही'. त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसायचीही त्याची छाती नव्हती.

हे वडील रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्या घरासाठी मोठ्याने प्रार्थना करत. बाकीच्यांनी डोळे मिटून 'आमेन' म्हटलं की झालं. आता छातीच्या दुखण्याने त्यांचं वाक्य पुरं होईना. डॉक्टरांनी हात टेकले होते. वडिलांनी मुलाकडे एवढंच मागितलं, "मी जायच्या आत एकदा तुझ्या तोंडून प्रार्थना ऐकव."

मुलाने स्वतः कधी मोठ्याने प्रार्थना केलीच नव्हती. तो चर्चच्या म्हाताऱ्या पाळकांकडे गेला.

"रोज बस," ते म्हणाले. "जीभ आपोआप वळेल."

म्हणून तो कामावर जायच्या आधी स्वयंपाकघरात स्टुलावर बसू लागला. "प्रभू, आपल्याला सकाळी सकाळी तसदी देतोय... आपल्या सोयीने वडिलांकडे लक्ष द्यावं..."

भांडी विसळता विसळता बायकोला हसू फुटलं. "देवाला खोलीची किल्ली देतोयस का रे?"

तोही हसला, पण मनातून खजील झाला. ज्या देवाला बाप म्हणायचं त्यालाच 'तू' म्हणायचं, हे काही त्याला जमेना. तरी स्टूल त्याने सोडलं नाही. तिकडे वडील दिवसेंदिवस खंगत चालले होते.

एका पहाटे पलीकडच्या खोलीतून घुसमटल्याचा आवाज आला. प्रार्थना अर्धवट टाकून तो धावला. वडिलांना श्वास घेता येत नव्हता. या कडक माणसाला भ्यालेलं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या पाठीमागे बसून त्याने त्यांना छातीशी टेकवून घट्ट धरलं.

"घाबरू नकोस बाबा. मी धरलंय तुला."

श्वास हळूहळू ताळ्यावर आला. मग आपण काय बोलून गेलो ते कळून त्याने जीभ चावली. "चुकलं बाबा. तुम्हाला..."

"असू दे," वडील पुटपुटले. "असंच... बोल त्याच्याशी."

त्याने डोळे मिटले. हात जोडायला मोकळे नव्हते.

"देवा बापा," तो म्हणाला, "माझे हात पुरत नाहीत रे. आता तू धर याला."

"आमेन," वडील म्हणाले.