मेल्यानंतर धावलेला घोडा

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये, बेलग्रेव्ह रोडच्या मागे माधवरावांचं घर आहे. १९८७ सालच्या त्या उन्हाळ्यात दर रविवारी दुपारी तिथे मुंगीला शिरायला जागा नसे. सोफे मागच्या गार्डनमध्ये काढलेले, जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि खिडकीपाशी मेंढीच्या कातड्यावर स्मृतिसिद्ध पद्माकरजी डोळे मिटून डोलत असत.

"धूळ! धूळ उडते आहे!" ते एकदम किंचाळले. "सन अकराशे एक्क्याण्णव! आर्सूफचं रणांगण! सर ऑल्डविन, तुमचा ब्रॅम्बल पडला हो! मानेत बाण! तुमच्या मांडीवर डोकं टेकून प्राण सोडतोय बघा!"

माधवराव एरवी केमिस्टच्या दुकानात पांढऱ्या कोटात ताठ उभे असत. ते ढसाढसा रडू लागले. सर ऑल्डविन म्हणजे तेच होते ना, गेल्या जन्मीचे! आठशे वर्षांपूर्वी मेलेल्या घोड्यासाठी सगळ्या खोलीचे डोळे पाणावले.

दाराशी उभ्या सुप्रभाला मात्र रडू येईना. ती पब्लिक लायब्ररीत चौदा वर्षं नोकरीला होती आणि इथे आली होती ती केवळ मैत्रिणीसाठी, सुलक्षणासाठी.

पद्माकरजी मे महिन्यात मुंबईहून आले आणि दोन महिन्यांत लेस्टरमधली निम्मी मराठी मंडळी क्रुसेडची धर्मयुद्धं लढून मोकळी झाली. कुणी टेम्पलर पंथाचा योद्धा निघाला, कुणी राजाचा निशाणधारी. गंमत अशी, की एवढ्या मोठ्या सैन्यात मोतद्दार, आचारी, न्हावी कुणीच नव्हतं. सगळे सरदार! देशपांड्यांच्या पोराने येशूच्या बाजूने आपण कसे लढलो असं विचारलं, तर "आत्म्याला धर्म नसतो, बाळ," हे उत्तर तयार होतं. महाराजांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, मग ही गोऱ्यांची नावं, हे किल्ले त्यांना ठाऊक कसे? चमत्कार, दुसरं काय!

सुप्रभाला लोकांचा राग येत नव्हता. ज्यांना पंधरा वर्षं बसस्टॉपवर 'गो होम' ऐकावं लागलं, त्यांना कुणीतरी सांगत होतं की तुम्ही परके नाही, या मातीसाठी रक्त सांडलेलं आहे तुम्ही. असं सांगणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटणारच. तिचा राग होता तो ती दुखरी जागा ओळखून तिच्यावर बोट ठेवणाऱ्या माणसावर.

आणि सुलक्षणाच्या बाबतीत तर त्याने कळस केला होता. शाळेच्या किचनमध्ये काम करणारी सुलक्षणा तिची सगळ्यात जुनी मैत्रीण. मार्चमध्ये तिच्या डाव्या छातीत गाठ लागली. जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, तपासून हॉस्पिटलची तारीख मागवली होती. पहिल्याच बैठकीत पद्माकरजींनी न सांगता नेमकी जागा ओळखली. "गाठ नव्हे ही, माउली. तू आर्सूफचा सरदार होतीस. शत्रूच्या बाणाचं टोक आत राहिलंय. अकरा रविवार विभूती लाव, आपोआप विरघळेल. तोवर सुई नको, सुरी नको. लोखंड लागलं तर विष अंगभर पसरेल!"

सुलक्षणाने हॉस्पिटलला फोन करून तारीख रद्द केली. सहा रविवार उलटले होते.

"अगं, एकदा दाखवून तरी ये," सुप्रभा रोज म्हणायची.

"त्यांनी न सांगता ओळखलं ना? तुझ्या डॉक्टरला तर दाखवावं लागलं. झाले की आता, पाचच राहिले."

पुढच्या रविवारी मात्र पद्माकरजी घोळात सापडले.

"सूर्य उगवला! सैन्य कूच करतंय! आणि सर्वांत पुढे सर ऑल्डविन, ब्रॅम्बलवर स्वार!"

खोलीत कुजबुज झाली. माधवराव भीत भीत म्हणाले, "गुरुजी, पण तो तर गेल्या आठवड्यात..."

"गेला होता!" महाराज डोळे न उघडता गरजले. "स्वामिभक्तीने परत आला! अमर अश्व!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुप्रभाने कान टवकारले. मेलेला घोडा पुढच्या पानावर धावतो, ही तक्रार तिने आधी ऐकली होती, आणि तीही तिच्याच काउंटरवर. इस्टरच्या सुमारास एक म्हातारी मॅडम जाडजूड कादंबरी आपटून म्हणाली होती, "तुमचा घोडा मरतो आणि मग नाश्ता करून लढाईला निघतो!"

झालं असं होतं. लायब्ररीची पुस्तकं खिळखिळी झाली की बायंडरकडे जातात. बायंडर ती उसवतो आणि सोळा-सोळा पानांचे फर्मे पुन्हा शिवतो. या प्रतीचे दोन फर्मे त्याने उलट क्रमाने शिवले होते. एकशे साठाव्या पानानंतर एकशे सत्याहत्तर येत होतं, आणि एकशे एकसष्ट त्याच्या मागाहून. आत तशी चिठ्ठी चिकटवायची, हे सुप्रभा चक्क विसरली होती.

सोमवारी पुस्तक शेल्फवर नव्हतं. पुस्तक नेणाऱ्यांची तिकिटं ठेवतात त्या ट्रेमध्ये कुणाचं तिकीट आहे ते तिने पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. वाचकाचं नाव बाहेर सांगायचं नाही, हा लायब्ररीचा नियम तिने कधी मोडला नव्हता. गुरुवारी पुस्तक परत आलं. उघडलं तर पानांतून विभूती सांडली. ते तिने स्वतःच्या तिकिटावर घेतलं आणि रविवारी पिशवीतून घेऊन गेली.

पद्माकरजींनी डोळे मिटले. "मला दिसतंय..."

"थांबा महाराज, आज मी सांगते." सुप्रभा मधोमध जाऊन उभी राहिली. "जाफाच्या वेशीवर एक आंधळा भिक्षू भेटतो. तो सर ऑल्डविनला एक चांदीची किल्ली देतो. तेच दिसतंय ना?"

पद्माकरजींनी एक डोळा उघडला. "त... तुझाही आत्मा जागृत झाला, माउली!"

"माझा नाही, पान एकशे त्र्याण्णव जागृत झालंय." तिने पुस्तक माधवरावांच्या हातात दिलं. "वाचा. ऑल्डविन आहे, ब्रॅम्बल आहे, आर्सूफ आहे. कादंबरी आहे ही, कुणीतरी रचलेली. आता पानांचे आकडे बघा."

माधवरावांनी पानं उलटली. पुन्हा उलटली. "एकशे साठ... एकशे सत्याहत्तर... इथे घोडा मेला. एकशे ब्याण्णवनंतर एकशे एकसष्ट?"

"घोडा जिवंत केला तो बायंडरने. दुसऱ्या कुठल्याही प्रतीत तो मेला की मेलेलाच राहतो. मग सांगा, महाराजांचा आत्मा लेस्टरच्या लायब्ररीची नेमकी हीच प्रत कसा काय वाचून आला?"

"मला इंग्रजी येत नाही!" पद्माकरजी ओरडले.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून माधवरावांची बायको, सीमा, चहाचा ट्रे घेऊन पुढे आली. "तिकीट आमचं आहे. मीच आणून दिलं होतं ते. महाराज म्हणाले, वहिनी, जुन्या काळाचं काहीतरी आणा, चित्रं बघतो." तिने ट्रे ठेवला आणि नवऱ्याच्या हातातलं पुस्तक घेऊन चाळलं. "पण यात चित्रं कुठायत? एकही नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं घरच हसलं. हसली नाही ती सुलक्षणा.

"पण माझी गाठ? ती तर पुस्तकात नव्हती ना?"

सीमाचा चेहरा पडला. "तू मला किचनमध्ये सांगितलं होतंस, सुलक्षणा. काळजी वाटली म्हणून मी महाराजांना सांगितलं. प्रार्थना करा म्हटलं."

पद्माकरजींनी कातडं गुंडाळलं, 'अश्रद्धांची भूमी' असं काहीसं पुटपुटले आणि काढता पाय घेतला. त्यांना अडवायला एकही सरदार उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सुप्रभा सुलक्षणाला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. नवी तारीख मिळेपर्यंत आणखी दोन आठवडे गेले. गाठ कॅन्सरची होती. सर्जन भला माणूस होता, ओरडला नाही. आधी आला असतात तर कदाचित छोट्या ऑपरेशनवर भागलं असतं, एवढंच म्हणाला. सुलक्षणाची डावी छाती काढावी लागली. चमत्काराची किंमत महाराज भरत नाहीत, ती भरणारा नेहमी दुसराच असतो.

कोजागिरीला मंडळाच्या हॉलमध्ये गाण्याचा कार्यक्रम होता. गाणी संपल्यावर सुलक्षणाने माइक मागितला. अंगात ताकद नव्हती, तिने खुर्चीत बसूनच बोलायला सुरुवात केली.

"मला बाण लागला नव्हता. मला गाठ झाली होती, आणि मी ती घाबरून राखेखाली झाकून ठेवली. महाराज खोटं बोलले, पण मी एक साधा प्रश्न विचारला नाही. तुम्हाला हे कुठून कळलं? एवढाच. पुढच्या वेळी कुणी काही सांगितलं, मग तो महाराज असो की डॉक्टर, हा प्रश्न विचारा. डॉक्टर एक्स-रे दाखवतो. जो काहीच दाखवत नाही, त्याच्या पाया पडू नका. आणि बायकांनो, अंगाला काही वेगळं लागलं तर त्याच आठवड्यात दाखवा. लाजू नका."

टाळ्या वाजल्या नाहीत. माणसं पांगू लागली तशी सीमा खुर्ची ओढून सुलक्षणाच्या अगदी जवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मलाही एक दाखवायचंय. जूनपासून आहे. यांनासुद्धा बोलले नाही. उद्या येशील माझ्याबरोबर?"

"येईन," सुलक्षणा म्हणाली. "जीपी नऊला उघडतो. आपण साडेआठलाच जाऊन उभ्या राहू."