माल्टकाकांचं नाक

“फ्लॉवर!” चपला काढता काढता माल्टकाकांनी दारातूनच जाहीर केलं.

आतून उत्तर आलं नाही. एरवी “बरोब्बर!” किंवा “हरलात!” असं काहीतरी यायचंच. लग्न झाल्यापासूनचा हा खेळ होता. काका कामावरून आले की उंबऱ्यातच थांबायचे, नाक वर करायचे आणि आज आत काय शिजतंय ते सांगायचे. हरायची वेळ क्वचितच यायची. वरच्या मजल्यावर कुणाचा भात खाली लागला तरी ह्यांना जिन्यातच कळायचं.

काकू उलथनं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “काय म्हणालात?”

“फ्लॉवर.” काकांचा आवाज निम्म्यावर आला होता.

“अहो, मी मासे तळतेय. अख्ख्या गल्लीला कळलंय. खालचं मांजर दोनदा वर येऊन गेलं.”

काकांनी दाराशी ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. वरच फ्लॉवरची हिरवी देठं पडली होती.

“ती मी मुद्दाम टाकलीत. शेजारणीकडून मागून आणली,” काकू म्हणाल्या. “बरेच दिवस बघतेय, आधी डब्यात डोकावता आणि मग नाक वर करता. मला काय वेडी समजलात? कधीपासून चाललंय हे?”

काका चपलांच्या शेजारच्या स्टुलावर बसले. पकडलं गेल्याचं त्यांना जवळजवळ बरंच वाटलं. “ताप येऊन गेला ना, तेव्हापासून.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“म्हणाले, येईल.”

“मग झालं तर!”

“किंवा नाही येणार, असंही म्हणाले.”

काकू आत गेल्या, गॅस बंद केला आणि परत येऊन समोर जमिनीवरच बसल्या. नवऱ्याचं नाक गेलं म्हणजे नक्की काय गेलं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

काका दारूच्या दुकानात होते. काकू नातेवाइकांत “हे दुकानात असतात” एवढंच सांगायच्या आणि कसलं दुकान असं कुणी विचारलं की चहाचं बघायला उठायच्या. काका तिथे लागले ते खोकी उचलायला. पण थोरल्या मालकांना ह्या पोराचं नाक कळलं आणि त्यांनी सिंगल माल्टचं अख्खं कपाट त्याच्या हवाली केलं. एकाच भट्टीची, नुसत्या जवाला मोड आणून केलेल्या माल्टपासून काढलेली आणि वर्षानुवर्षं लाकडी पिंपात मुरवलेली व्हिस्की. गिऱ्हाईक दारात आलं की काका आधी त्याचा स्वभाव विचारायचे आणि मग बाटली काढायचे. माल्टकाका हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलं.

पण पिणारे म्हणाल तर काका नव्हेत. दुकानाचं शटर ओढलं की खोक्यावर बसून बोटभर घ्यायची, ती पाण्याचे दोन थेंब टाकून, सावकाश, आणि मग घरी. तेवढ्यानंही काकूंचं डोकं उठायचं. थंडी असो वा वारा, रात्री काका पलंगावर आडवे झाले की काकू उशाशी असलेली खिडकी सताड उघडायच्या. ह्या खिडकीपायी काकांना कितीदा सर्दी झाली, पण खिडकी काही बंद झाली नाही.

आता थोरले मालक गेले होते आणि गल्ल्यावर धाकटे मालक बसत होते. त्यांनी येत्या शनिवारी नेहमीच्या गिऱ्हाइकांना बोलावलं होतं. काकांनी तीन माल्ट चाखवायच्या, त्यांच्याबद्दल बोलायचं आणि मालकांनी ते फोनवर चित्रित करायचं. “काका, काउंटर सांभाळायला कुणीही मिळतं,” ते हसत हसत म्हणाले होते. “तुम्हाला ठेवलंय ते नाकासाठी.” काकाही हसले होते.

“सांगून टाका त्यांना,” काकू म्हणाल्या.

“सांगून? आणि मग करू काय? ह्या वयात, ह्या कमरेनं पुन्हा खोकी उचलू?”

काकूंनी उलथनं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “माझं नाक चांगलं आहे.”

दुसऱ्या दिवशी काकांनी तीन छोट्या बाटल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक निमुळत्या तोंडाचा ग्लास घरी आणला. ज्या स्वयंपाकघरात आजवर दारूचा थेंब आला नव्हता, तिथे ओट्यावर तीन बाटल्या मांडल्या गेल्या. काकूंनी आधी पडदा ओढला. मग दाराला कडी घातली. मग पदर खोचून त्या ग्लासासमोर अशा बसल्या, की जणू दात काढून घ्यायचा आहे.

“ह्या तिघी बहिणी,” काका म्हणाले. “धाकटी, मधली आणि थोरली. माझ्या सगळ्यांत आवडत्या. नाक ग्लासात खुपसायचं नाही. कडेशी धरायचं, तोंड थोडं उघडं ठेवायचं.”

काकूंनी धाकटीचा वास घेतला आणि मागे सरकल्या. “स्पिरिट! इंजेक्शन देताना लावतात ते.”

“घाई करतेस. थांब.” काकांनी चमच्यानं पाण्याचे दोन थेंब सोडले. “घाई करणाऱ्याला ती काही सांगत नाही. खरी मजा घोटात नाही, वाट बघण्यात आहे. आता घे.”

काकूंनी डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. “अगंबाई… पेअर. जरा जास्तच पिकलेलं. आणि मध. आणि बेकरीत सकाळी पाव काढतात ना, तो.”

काकांना भरून आलं. ती अगदी तशीच होती. निदान आठवत होती तशी.

मधली रंगानं गडद. शेरी ह्या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेली. तिच्यात काकूंना मनुका सापडल्या, पॉलिश केलेलं कपाट सापडलं आणि चामड्याच्या चपलांचं दुकान सापडलं. काकूंना आता ह्या प्रकाराची चटक लागत होती. घोट मात्र त्यांनी एकीचाही घेतला नाही. “जीव गेला तरी नाही,” असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मग थोरली. काका रोज शटर ओढल्यावर जी बोटभर घ्यायचे ती हीच. दूरच्या एका बेटावरची. तिथे दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर जव सुकवतात. धाकटीसारखीच फिक्या पिवळ्या रंगाची, पण स्वभावानं भलतीच फटकळ. नवख्या माणसाला ती सहसा रुचत नाही, आणि एकदा रुचली की मग दुसरी कुठलीच पुरत नाही.

“दवाखाना,” काकू लगेच म्हणाल्या. “जखमेला लावतात ते औषध. धूर. समुद्रावर जाऊन आलेले ओले कपडे.” एवढं बोलून त्या थांबल्या. ग्लास त्यांनी पुन्हा नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच धरून ठेवला.

“आणखी काय?”

“काही नाही.”

“अगं, सांग ना. शनिवारी उपयोगी पडेल.”

“काही नाही म्हटलं ना. उचला तो पसारा.” काकू उठून भांडी घासायला लागल्या. घासलेलीच भांडी घासताहेत, हे काकांच्या लक्षात आलं, पण त्यांच्या डोक्यात शनिवार होता.

शनिवारपर्यंत काकांनी जप केल्यासारखं पाठांतर केलं. पेअर, मध, पाव. मनुका, कपाट, चपला. दवाखाना, धूर, ओले कपडे. आंघोळ करताना म्हटलं, जिना उतरताना म्हटलं. एकदा सुट्टे पैसे देताना गिऱ्हाइकाला “मनुका” म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी काकू दुकानात आल्या. आयुष्यात पहिल्यांदा. चांगली साडी नेसून आल्या आणि दाराशेजारच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. “घरी जीव थाऱ्यावर राहिना,” त्या काकांना हळूच म्हणाल्या. काकांना त्यांचा आधार वाटला, आणि त्या इथं असल्यामुळे भीतीही दुप्पट झाली.

काकांनी स्वतःच्या हातानं ग्लास भरले होते, झाकणं ठेवली होती, तीन ट्रे ओळीनं लावले होते. डावीकडे धाकटी, उजवीकडे थोरली. मग ते आत हात धुवायला गेले. तेवढ्यात धाकटे मालक फोन घेऊन आले. गडद ट्रे मध्येच शोभत होता, पण डावीकडच्या ट्रेवर दिव्याची सावली पडत होती. त्यांनी टेबल रिकामं केलं, जरा सरकवलं आणि ट्रे पुन्हा मांडले. तीन ट्रे, दोन फिके आणि मध्ये एक गडद. बघायला सगळं जसंच्या तसं होतं.

माणसं जमली. नेहमीच्या दातांच्या डॉक्टरीणबाई अगदी पुढे बसल्या. काकांनी डावीकडचे ग्लास वाटले, आपला ग्लास उजेडात धरला, झाकण काढलं, नाकाशी नेला. नाकाला नुसती चुरचुर झाली. बाकी काही नाही.

“ही धाकटी,” ते म्हणाले. आवाज ठीक लागला. “हिच्याशी घाई करायची नाही. पहिल्यांदा काय येतं? पिकलेलं पेअर. मग मध. आणि मागून हळूच, सकाळी बेकरीत पाव काढतात ना, तो वास.”

कुणी मान हलवली नाही. मागच्या एकानं शेजाऱ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी ग्लास पुन्हा नाकाशी नेला.

“काका, मला धूर येतोय,” त्या म्हणाल्या. “चांगला सणसणीत.”

“हां, म्हणजे… जरा थांबलं की…” काकांनी पुन्हा वास घेतला. पुन्हा घेतला. जोरानं घेतला. पांढऱ्या भिंतीवर काहीतरी वाचायला सांगावं तसं झालं. ग्लास कलंडला आणि शर्टाच्या बाहीवर कोपरापर्यंत व्हिस्की सांडली. मालकांचा फोन अजून त्यांच्यावरच रोखलेला होता.

“अहो,” दाराकडून आवाज आला. काकू उभ्या राहिल्या होत्या. दार ते टेबल एवढ्या अंतरावरून त्यांना कळलं होतं. “अहो, तो दवाखाना आहे.”

लोक हसले. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. काकांनाही हसता आलं असतं. ‘गंमत केली’ म्हणता आलं असतं, तेवढी समज त्यांना होती. पण त्यांनी काकूंकडे पाहिलं, आणि आठवडाभर घोकलेलं ते सगळं त्यांना एकदम नकोसं झालं.

“मालक, फोन ठेवा जरा,” ते म्हणाले. “मंडळी, मला वास येत नाही. तापात गेला. आत्ता मी बोललो ते माझं नव्हतं, माझ्या बायकोनं वास घेऊन सांगितलेलं होतं. ट्रे बदलले गेले, ते मला कळलं नाही. कळणारच नव्हतं. तुम्ही विश्वासानं आलात. माफ करा.”

मग डॉक्टरीणबाई काकूंकडे वळल्या. “मग काकू, तुम्हीच सांगा. ह्यात दवाखान्याशिवाय काय आहे?”

काकू लाजल्या, पण उठून आल्या. काकांनी त्यांच्यापुढे ग्लास धरला, त्यात दोन थेंब पाणी सोडलं आणि म्हणाले, “घाई नको.” काकूंनी धूर सांगितला, समुद्र सांगितला, ओले कपडे सांगितले.

“आणखी काही?”

काकूंनी काकांकडे एकदा पाहिलं. “आहे. पण ते दुकानात सांगायचं नाही.”

आता मात्र सगळे मोकळेपणानं हसले. कार्यक्रम पार पडला, माणसं बरी बोलून गेली, दोघा-तिघांनी काकांचा हात हातात घेतला. सगळे गेल्यावर धाकटे मालक टेबल पुसत उभे राहिले. पुसून झाल्यावरही पुसत होते.

“काका, सोमवारपासून मागचं गोडाऊन बघाल का? आल्यागेल्या मालाची नोंद ठेवायची. उचलायचं काही नाही. काउंटरला मी कुणीतरी बघतो.” त्यांनी मान वर केली नाही. “वास आला परत, तर बघू.”

“बघतो की,” काका म्हणाले. कपाटाच्या काचेवर कुणाच्या तरी बोटांचे ठसे उमटले होते. जायच्या आधी त्यांनी ते रुमालानं पुसले.

दोघं घराकडे निघाली. कोपऱ्यावर आल्यावर काकांनी विचारलं, “काय सांगायचं नव्हतं दुकानात?”

“जाऊ दे हो.”

“सांग.”

“तुमचा वास,” काकू पुढे बघत म्हणाल्या. “ती थोरली. तुमच्या शर्टाला यायचा तो वास. मला काय ठाऊक तो व्हिस्कीचा आहे? म्हणजे ठाऊक होतं, पण… ताप आल्यापासून तुम्ही ती बोटभर सोडलीत. चव लागत नाही म्हणून सोडलीत, हे आता कळलं. पण तेव्हापासून शर्टाला नुसता साबण येतो. रात्री जाग आली ना, की त्या बाजूला कुणी नाहीच असं वाटतं. हात लावून बघते मी. तुम्ही घोरत असता.”

काकांनी काकूंच्या हातातली पर्स उगाचच आपल्याकडे घेतली.

सकाळी काकांना उशिरा जाग आली. रविवार होता. मागच्या गॅलरीत काकू कपडे वाळत घालत होत्या. चादरी होत्या, परकर होते, काकांची पँट होती. कालचा शर्ट मात्र दोरीवर नव्हता. काकांनी बादलीत पाहिलं, मशीनमध्ये पाहिलं.

शर्ट झोपायच्या खोलीत होता. काकूंच्या बाजूला, पलंगाच्या उशाला अडकवलेला. बाही कोपरापर्यंत वाळून ताठ झाली होती.

काकांनी तो काढला, तोंडाशी धरला आणि छातीत मावेल तेवढा श्वास घेतला. थांबले. घाई केली नाही. पुन्हा घेतला. काहीच नाही.

मग त्यांनी शर्ट होता तिथे नीट अडकवला. इतकी वर्षं उघडी राहिलेली उशाची खिडकी आज बंद होती. काकांनी पुढे होऊन तिची कडी घट्ट बसली आहे ना, ते तपासलं.