पाठीवरची पट्टी

ईस्टरआधीच्या उपासाचा पहिला शुक्रवार नॉर्बर्ट पिलार्स्कीने घरी टोस्ट खाऊन काढला. दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी त्याने बायकोची, लोरेनची, जर्सी कपाटातून काढली, स्वेटरवर चढवली, आरशात पाहिलं, उतरवली, पुन्हा चढवली, आणि वरून कोट घालून चर्चच्या हॉलकडे निघाला. उपासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून तिथे तळलेल्या माशाचं जेवण असे.

जर्सी आपल्याला घट्ट होईल असं त्याला वाटलं होतं. पण लोरेनला सगळं ढगळच लागे. पाठीवर मोठा आकडा, आणि वर नावाच्या जागी पांढरी चिकटपट्टी. त्या पट्टीवर काळ्या शाईत, तिच्या ठसठशीत अक्षरात, ‘ओगल्सबी’. त्याखाली आणखी एक पट्टी होती, तिच्याखाली आणखी एक. अमेरिकन फुटबॉलमधला रनिंग बॅक, म्हणजे चेंडू पोटाशी घट्ट धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसणारा गडी, फार टिकत नाही. गुडघा जातो, नाहीतर पगार परवडेनासा होतो. दर वेळी नवी जर्सी कोण घेणार? बफेलो शहरात माणसं जुन्या नावावर पट्टी चिकटवून मोकळी होतात. लोरेनच्या पाठीवर अशी कितीतरी नावं एकावर एक निजली होती.

हॉलच्या कोपऱ्यातलं ते टेबलही खरं तर लोरेनचंच. नॉर्बर्ट तिच्या शेजारी बसून मासा खाई आणि योग्य वाटेल तिथे मान डोलवी. वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यात जन्म गेलेला माणूस तो. मित्र म्हणावेत असे त्या टेबलावरचे तिघेच, आणि तेही तिच्याबरोबर लग्नात आलेले. आता ती नव्हती. मग त्या खुर्चीवर आपला हक्क काय, हे त्याला कळत नव्हतं. त्याने मनाशी ठरवलं होतं, एकदा जाऊन पाहायचं. आपण दिसताच बोलणं थांबलं, तर मासा बांधून घ्यायचा आणि पुन्हा यायचं नाही.

त्याने कोट काढला, खुंटीला लावायला वळला, आणि बोलणं थांबलं.

निवृत्त बसचालक गस डोमागालाचा काटा तोंडापाशीच राहिला होता. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढलेली बर्निस टक लावून पाहत होती. गसचा पुतण्या डेल, तिशीतला, त्याने तर मोबाइल पालथा ठेवला.

बायको जाऊन चार महिने नाही झाले आणि हा तिचे कपडे घालून हिंडतोय, असंच त्यांना वाटलं असणार. नॉर्बर्टच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “मी आपला मासा बांधून घेतो.”

“बस खाली,” बर्निस म्हणाली. “तुला खरंच ठाऊक नाही?”

“काय?”

“काका, टीमने ओगल्सबीला सोडलं,” डेल हळूच म्हणाला. “आज दुपारीच.”

“वरात गावाबाहेर गेली आणि हा आत्ता अक्षता घेऊन आलाय!” गसने टेबलावर थाप मारली. “अरे, अख्खं शहर छाती पिटतंय, आणि तू त्याचं नाव पाठीवर घेऊन मासे खायला!”

म्हणजे कारण तो नव्हता. कारण ओगल्सबी होता. नॉर्बर्टला इतकं हलकं वाटलं की इतक्या वर्षांत या टेबलावर कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. त्याने प्रश्न विचारला.

“पण का सोडलं?”

झालं. तिघं एकदम सुरू झाले.

“तिशी उलटली त्याची,” डेल म्हणाला. “पगाराची मर्यादा सगळ्या टीमना सारखीच. ताट एवढंच आहे, काका. सगळा मासा यालाच वाढला तर याच्यासाठी वाट मोकळी करणाऱ्या गड्यांना काय, नुसता कोबी?”

“आणि मागे उरलं कोण?” गस गरजला. “तो व्हिटलो? ओला साबण धरावा तसा चेंडू धरतो! त्याच्यामागे सिमोना, त्याला कुणी धड धावताना पाहिलेलं नाही. एक घोटा मुरगळला, की मग मैदानात काय मी उतरू?”

“तू?” बर्निस म्हणाली. “आधी हॉलच्या पायऱ्या न थांबता चढून दाखव.”

“चढलो असतो. पुढे तू होतीस.”

“बरं, पण पैसे तरी वाचले ना?” नॉर्बर्टने मध्येच विचारलं.

“थोडेच. बरेचसे मेलेले पैसे झाले,” डेल म्हणाला.

“मेलेले म्हणजे?”

“म्हणजे तो गेला, तरी पगाराच्या मोजणीत राहणार.”

नॉर्बर्टने खुर्ची पुढे ओढली. “माणूस गेला. मग मोजणीत कसा राहतो?”

“करारातच तसं असतं.”

“का?”

डेलने मोबाइल उचलला, खाली-वर केला. गस म्हणाला, मालक चोर असतात म्हणून. बर्निस म्हणाली, मालकाचा इथे काही संबंध नाही. मग संबंध कशाचा आहे, हे कुणी सांगेना.

“खरं सांगू का?” शेवटी बर्निस म्हणाली. “हे लोरेन सांगायची. आम्ही माना डोलवायचो.”

“तुम्हीसुद्धा?” नॉर्बर्ट म्हणाला.

“मला कळत होतं,” गस म्हणाला. “तेवढ्यापुरतं.”

नॉर्बर्टला हसू आलं. टेबलावर न कळणारा आपण एकटेच, असं त्याला जन्मभर वाटत आलं होतं.

“ती वाट्या मांडायची,” बर्निस आठवत म्हणाली. “सॉसच्या. गस, तुझ्या वाट्या दे.”

गसने नेहमीप्रमाणे चार वाट्या सॉस मागून घेतला होता आणि मासा यायच्या आतच चाटूनपुसून संपवला होता. बर्निसने रिकाम्या कागदी वाट्या ओळीने मांडल्या. “सही करतानाच गड्याला मोठी रक्कम हातात देतात. ती त्याच्या पोटात गेली. पण करार चार वर्षांचा, तर मोजायची मात्र दर वर्षी एक वाटी, असं ठरलेलं.”

“म्हणजे खाल्लं आधी, मोजलं नंतर,” नॉर्बर्ट म्हणाला. त्याने दोन वाट्या बाजूला सारल्या. “समजा, या दोन वर्षांच्या मोजून झाल्या. आता तो गेला. मग या दोन?” मग त्याने दोन्ही उचलून गसच्या ताटात ठेवल्या, माशाला कडेला ढकलून. “या आता एकदमच ताटात येतात. आत काही नाही, पण जागा अडवतात.”

डेलने मोबाइलमध्ये पाहिलं. “अरे, बरोबर आहे की!”

“माझा मासा!” गस म्हणाला.

मग गस उठून स्वयंपाकघरातून खोकी बंद करायची पांढरी चिकटपट्टी आणि जाड पेन घेऊन आला. “उतरव ती जर्सी. माणसात बसायचंय ना?”

नॉर्बर्टचा हात आपोआप पाठीकडे गेला. जेमतेम पोहोचला. बोटांना पट्टीची कड लागली. “ती... काढायची?”

“काढत नाही रे कुणी,” बर्निस म्हणाली. “वरून लावायची. खाली आहे ते राहतं.”

त्याने जर्सी उतरवून टेबलावर पसरली. तिघांनी ओगल्सबीच्या खालची नावं बोटाने चाचपत ओळीने सांगितली. मधल्या एका नावावरून थोडं भांडणही झालं. नॉर्बर्ट प्रत्येकाबद्दल विचारत होता, हा कसा धावायचा, याचं काय झालं. मग बर्निसने ओगल्सबीवर नवी पट्टी नीट दाबून बसवली आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

“व्हिटलो लिही,” गस म्हणाला.

“सिमोना,” बर्निस म्हणाली. “त्याला संधी तर द्या.”

“थांबा हो, एप्रिलमध्ये कॉलेजातून नवा पोरगा निवडतील,” डेल म्हणाला.

“जर्सी ज्याची, त्याने ठरवायचं,” बर्निस म्हणाली.

नॉर्बर्टने पेनाचं टोपण काढलं. मग परत लावलं. “सिमोनाला धावताना तुम्ही कुणीच पाहिलेलं नाही ना? मग आत्ता कसं लिहायचं? कोरीच राहू दे. आधी मला सगळं नीट सांगा.”

“एका बैठकीत नाही व्हायचं ते,” गस म्हणाला.

“नाही ना?” नॉर्बर्टने आशेने विचारलं.

बर्निसने स्वतःचा कोबी त्याच्याकडे सरकवला. “पुढच्या शुक्रवारी लवकर ये. रांग मोठी असते.”

बाहेर सरोवरावरचा वारा बोचत होता, तरी नॉर्बर्टने जर्सी पुन्हा चढवून गाडीपर्यंत कोट हातावरच ठेवला. दारातल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “ओ आजोबा, कोरी पट्टी? गडी कोण?”

“अजून ठरायचाय,” नॉर्बर्टने वळून सांगितलं. “आमच्या टेबलावर चर्चा चाललीय.”