पुढच्या बाकावरची मान

"एकमेकांना शांती द्या," फादर म्हणाले आणि पुढच्या बाकावरची मान वळली. माझा थोरला भाऊ, बस्त्याव. त्यानं हात पुढे केला. मी माझा हात पदराखाली घेतला आणि शेजारच्या बाईकडं वळून गोड हसले.

अकरा वर्षं दर रविवारी हेच. लोकांना वाटतं, फिलूबाय भारी देवभोळी, ताप असला तरी चर्चमधली मिस्सा चुकवत नाही. कसला देव! बस्त्यावच्या मागचा बाक मिळावा म्हणून मी घंटेच्या आधी येऊन बसायचे. साऱ्या गावासमोर त्याचा हात रिकामा परत गेला की मला बरं वाटायचं. त्या समाधानावर पुढचे सहा दिवस मी भाईंदरला केबिन रोडवर मासळीची पाटी घेऊन बसायचे.

कारणही तसंच आहे. आमच्या उत्तनच्या बाजूला गावात मयत झालं की एकही होडी समुद्रात जात नाही. माझा नवरा इनास गेला त्या दिवशी साऱ्या होड्या किनाऱ्याला होत्या, एक सोडून. पेटीला खांदा द्यायला त्याचा सख्खा मेहुणा नव्हता. पापलेटाचा हंगाम होता ना!

गेल्या महिन्यात नवे फादर आले. त्यांना गावची भांडणं ठाऊक नाहीत. आमच्या वाडीची पाळी आली तेव्हा वेदीपाशी अर्पण न्यायला त्यांनी वाडीतला सगळ्यात वयस्क पुरुष आणि सगळ्यात वयस्क विधवा निवडली. बस्त्यावच्या हाती द्राक्षारसाची सुरई, माझ्या हाती भाकरीचं तबक. जाणत्यांनी एकमेकांकडं बघितलं, पण फादरांना सांगायला कोणी धजलं नाही.

त्या दिवशी प्रवचनात फादरांनी विचारलं, "देव घरी ऐकत नाही का? मग इथं कशाला जमतो आपण? ज्याचं तोंड बघवत नाही, त्याच्यासोबत एका भाकरीला बसायला. भावाचं मन दुखावलं असेल, तर अर्पण तिथंच ठेवा. आधी त्याच्याकडं जा."

माझं लक्ष पुढच्या मानेवर होतं. ती खाली गेली होती.

मग आम्ही दोघं मधल्या वाटेनं निघालो. अर्ध्यावर तो थांबला, वाकला आणि सुरई फरशीवर ठेवली.

"फिलू, चुकलं माझं. इनासच्या मयताला मी व्हडी नेली. हात दे."

याच घटकेची तर मी अकरा वर्षं वाट बघत होते.

"तवा कुठं व्हता तुझा हात?" शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं मी म्हटलं. "पेटीला साऱ्या गावाचा खांदा लागला, तुझा न्हाय. आता मरायला टेकल्यावर ओझं व्हतंय व्हय? वाहा ते."

"खरं हाय तुझं," तो म्हणाला. लंगडत दाराबाहेर गेला.

मी जिंकले होते. ताठ मानेनं चार पावलं पुढे गेले. पण फादर तबक घ्यायला हात पुढे करीनात. ते मागं फरशीवरच्या सुरईकडं बघत राहिले. सुरई आपणच उचलून न्यावी म्हटलं, तर ती त्यानं माझ्याशी समेट व्हावा म्हणून ठेवलेली, मी कशी उचलणार? फादरांचाही मला राग आला. मनातल्या मनात दोघांना शिव्या घालत मी मागं फिरले, तबक सुरईशेजारी ठेवलं आणि बाहेर गेले.

तो पायरीवर पाठमोरा बसला होता. तीच मान. इतकी वर्षं तिच्याकडंच बघत होते, पण ती एवढी वाळलीय हे दिसलं नव्हतं.

"ऊठ. आत मान्सं खोळंबलीत."

"माफ केलं?"

"न्हाय केलं. गुडघं धरलंत तुझं, उठता यायचं न्हाय, म्हणून हात देते."

त्यानं हात धरला. होडीच्या दोरानं घट्टे पडलेला, थेट आमच्या बापाचा हात. उभा राहिल्यावरही त्यानं सोडला नाही, आणि मलाही तो ओढून घेता आला नाही.

दारातून आत शिरताना मनात इनासला म्हटलं, अकरा वर्षं तुझ्यासाठी हे वैर राखलं होतं रे, आज हातून सुटलं. मग बस्त्यावनं वाकून सुरई उचलली. मी तबक घेतलं.