मुद्देमालाची बरणी

कोर्टाच्या कारकुनाने बरणीचं सील तोडलं मात्र, भिंगरीच्या पोटातला सकाळचा चहा थेट घशाशी आला. वास म्हणजे काय वास! पहिल्या बाकावरचे दोघे उठून मागे पळाले.

"शी! मेलं आहे तरी काय ते?" आत्या रुमालातून पुटपुटली.

"बाबांचं जेवण. चार महिन्यांपूर्वीचं."

तुरुंगातल्या भातात अळ्या निघतात, अशी तक्रार बाबांनी तीनदा केली होती. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्यांनी मूठभर भात बरणीत भरून उशाखाली ठेवला, तपासणीला मोठे साहेब आले की दाखवायला. त्याआधीच झडती झाली. गुन्हा काय, तर अन्न लपवलं! तुरुंगाधिकाऱ्याने तीन मिनिटांत सुनावणी उरकली. बाबा म्हणाले, आचाऱ्याला बोलवा, विचारा. "तू मला शिकवणार?" आणि चांगल्या वागणुकीची, शिक्षेतली तीस दिवसांची सूट गेली. ती आज परत मिळाली, तर बाबा या शनिवारी घरी.

आणि ही बरणी पुरावा म्हणून जपली होती कोणी? तुरुंगानेच!

"भात तेव्हा चांगला होता, साहेब," तुरुंगाधिकारी म्हणाला. "अळ्या नंतर झाल्या असतील."

"हो ना," बाबांच्या वकीलबाई म्हणाल्या. "सीलबंद बरणीत, दार वाजवून शिरल्या असतील."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीशांनी नाक दाबूनच निकाल सांगितला. "जेवण कसं होतं ते आम्ही बघत नाही. सुनावणी नीट झाली का, एवढंच बघतो. ती झाली नाही. तीस दिवसांत नव्याने घ्या. सूट परत द्यायची की नाही, ते तेव्हाच ठरेल."

"नव्याने कोण घेणार?" भिंगरीने विचारलं.

वकीलबाईंनी तुरुंगाधिकाऱ्याकडे हनुवटी उडवली. तोच! फाईल बगलेत मारून, दात कोरत, जेवायला कुठे जायचं ते शेजाऱ्याला विचारत होता. भिंगरीने बोटांवर दिवस मोजले.

"म्हणजे तीस दिवस परत मागायला तीस दिवस?"

"अपील करू गं," बाई म्हणाल्या, पण तिच्याकडे न बघता.

"ही घाण कोण नेणार?" कारकून ओरडला.

"आम्हाला नको. फेका," तुरुंगाधिकारी म्हणाला.

कारकुनाचा हात कचऱ्याच्या डब्याकडे गेला, तशी भिंगरी दोन बाकं ओलांडून धावली. "थांबा काका! पुढच्या वेळी दाखवायला काय उरणार मग? झाकण लावा. पुन्हा सील करा. तारीख घाला आणि सही पण करा."

"पोरी, वेड लागलंय का तुला?" कारकून म्हणाला, पण न्यायाधीशांनी होकारार्थी मान हलवल्यावर त्याने सील केलं, सही केली आणि बरणी तिच्या हातात दिली.

"हे घरात आलं तर मी नाही येणार हो," आत्याने जाहीर केलं.

"मग जिन्यात झोप, आत्या."

बसमध्ये दोघींसमोरची, मागची, शेजारची, सगळी आसनं भराभर रिकामी झाली. आत्या खिडकीबाहेर मान काढून बसली. भिंगरीने दात आवळले, बरणी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं.