भेगेपलीकडची कुत्री

तुकुमेकचा नवरा इमिना छातीच्या दुखण्यानं गेला त्याला अख्खा हिवाळा उलटला, तरी त्याची कुत्री अजून तिच्याच दारात होती. बाईनं कुत्री पाळावीत, हाकू नयेत, असं गावाचं म्हणणं. थोरला दीर उसार्काक तर दुकानासमोर चारचौघांत हसत म्हणाला होता, "समुद्राकडेच्या बर्फावर माझ्यासोबत सीलच्या शिकारीला चल. रात्रीचा मुक्काम करून कुत्री स्वतःच्या हातानं परत आणलीस, तर ती तुझी. नाहीतर माझी."

म्हणून दोघांच्या दोन स्लेज, कुत्री जुंपलेल्या घसरगाड्या, बर्फावरून निघाल्या. ऊन मावळण्याचे दिवस नव्हते. सूर्य डोंगरांच्या खांद्याखांद्यांवरून फिरत राहायचा. तुकुमेक चाबूक कमीच उगारायची. ती गुणगुणायची,

"चला गं बायांनो, चला रं दादा,
धन्याच्या वाटेचा राखा वायदा."

पुढची कुत्री सिकू कान मागे टाकून ऐकायची, आणि तिच्यामागं पंख्यासारखी पसरलेली सगळी फौज धावायची.

मुक्कामाच्या जागी भरती-ओहोटीनं बर्फाला पडलेली एक भेग होती, जेमतेम बोटभर. अलीकडे भुसभुशीत हिम साचलेलं, पलीकडे समुद्राच्या अंगाला आरशासारखा उघडा बर्फ. कुत्री बांधायला बर्फात दोन तिरकी भोकं पाडून ती आत एकमेकांना मिळवायची आणि त्यातून दोर ओवायचा. उसार्काकनं पहार घेतली आणि आपली कुत्री सोडवून तो त्यांच्यासकट भेग ओलांडून गेला.

"दादा, तिकडं नको," तुकुमेक म्हणाली. "भेगेत पाणी ताजं आहे, गोठलेलं नाही. वारा जमिनीवरनं सुटलाय, बर्फ समुद्रात लोटेल. सिकूपण पाय टाकेना."

"मालकीण भित्री तर कुत्री भित्रीच निघणार. इकडं भोक पाडायला दोन घाव पुरतात. तू बस तिकडं हिम उपसत."

ती हिम उपसत बसली. पार घामाघूम झाली तेव्हा कुठं खालचा घट्ट बर्फ लागला. तिनं आपली कुत्री तिथं बांधली. तंबू आणि दोघांच्या स्लेज भेगेच्या अलीकडेच होत्या.

झोपेतून उठवलं ते कुत्र्यांच्या रडण्यानं. दोघं बाहेर आली. बोटभर भेगेची आता काळी नदी झाली होती, आणि नदीपलीकडे उसार्काकची कुत्री आपल्या बर्फासकट संथपणे दूर चालली होती. ती ओळीनं बसून मालकाकडं बघत होती, हाक येईल म्हणून. कयाक होडी घरी राहिलेली. उसार्काकनं नावं घेऊन हाका मारल्या. एका कुत्र्यानं उडी मारायला अंग आखडलं, पण दोरानं त्याला धरून ठेवलं.

ती ठिपके होईपर्यंत तो उभा राहिला. तुकुमेकला त्याची कीव आली. तिनं त्याला चहा दिला. तो दोन्ही हातांनी धरून प्यायला, आणि मग म्हणाला, "तुझी कुत्री माझ्या स्लेजला जोड. माझी स्लेज मोठी आहे. तुझी राहू दे इथंच, नंतर आणू."

"हाकणार मी," ती म्हणाली.

"हाक की."

ती हाकत गावात आली. उसार्काक मागं गाठोड्यासारखा बसला होता. माणसं जमली. वाऱ्यानं घात केला, असं त्यानं सांगितलं. भेगेचं कुणी विचारलं नाही.

"दादा, तुमचा शब्द होता," तुकुमेक सगळ्यांदेखत म्हणाली. "मुक्काम केला, कुत्री आणली."

"होता ना. तेव्हा माझी माझ्यापाशी होती." तो ओरडला नाही. "घरात पोरं आहेत, तुकुमेक. तुला मासळीच्या कारखान्यात काम आहे. मी काय हातानं स्लेज ओढू?"

म्हातारे शिकारी बर्फाकडं बघत राहिले. एकजण म्हणाला, "शिकाऱ्याला कुत्री लागतातच." दुसऱ्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, "धीराची गं बाई तू." त्या हाताखाली तिची पाठ ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी तो दारात कुत्री जुंपायचे पट्टे घेऊन आला. सिकू हटून बसली. त्यानं चाबूक उचलला, आणि मग तुकुमेककडं पाहिलं. तुकुमेकनं त्याच्या हातातून पट्टे घेतले. एकेकाचं डोकं मांडीवर घेऊन, एकेकाचे पुढचे पाय उचलून तिनं सगळ्यांना जोडून दिलं. मार वाचावा म्हणून.

"तुझं फार ऐकतात गं," उसार्काक म्हणाला. "सवय होईपर्यंत येत जा सकाळची."

ती जात राहिली. मग एका सकाळी ती पोचायच्या आधीच उसार्काक स्वतः कुत्री जुंपून निघून गेला होता.