सहीचे सहा हजार

नवऱ्यानं हिशेब मांडला तो अगदी प्रेमानं. म्हणूनच तिला जास्त राग आला.

विजेच्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर त्यानं रेघ ओढली आणि एकेक आकडा तिला दाखवत गेला. विशेष शिक्षणाच्या पदवीची दोन वर्षांची फी एक लाख ऐंशी हजार. सरावासाठी सहा महिने बिनपगारी रजा, म्हणजे आणखी चोपन्न हजार गेले. तिचा आजचा पगार नऊ हजार. पदवी हातात आली की चौदा.

"म्हणजे बघ, दोन वर्षं शिकण्यात आणि पुढची चार फेडण्यात. सहा वर्षांनी आपण बरोबर शून्यावर येऊ."

"शून्यावर म्हणजे?"

"म्हणजे आज आहोत तिथंच." तो हसला. "जीव तोडून पळायचं आणि सहा वर्षांनी आपल्याच दारात धापा टाकत उभं राहायचं."

"तोवर पोरगी नऊ वर्षांची होईल," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "आईला ओळखेल की नाही कुणास ठाऊक."

पोरगी जमिनीवर बसून घरातल्या सगळ्या चपला एका रांगेत लावत होती. लहानापासून मोठीपर्यंत, टाचेला टाच. शाळेतल्या तिच्या वर्गातली विशेष मुलंही अशाच रांगा लावायची. पाच वर्षं त्या वर्गात काढल्यापासून तिला स्वतःच्या मुलीकडे साध्या नजरेनं बघताच येईना झालं होतं. मग पोरीनं रांगेला एक लाथ मारली, खिदळली, आणि हिचा श्वास सुटला.

फी भरायची शेवटची तारीख शनिवार. आज सोमवार होता.

तिचा वर्ग शाळेच्या मागच्या अंगाला, मोडकी बाकं ठेवायच्या खोलीला लागून होता. मुलं नऊ. कागदोपत्री ती मदतनीस. पण प्रत्येक मुलाला काय येतं, काय यायला हवं, ते कसं शिकवायचं, हे सगळं लिहायची ती, करायची ती, आणि फसलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचीही तीच. वर्गाची शिक्षिका म्हणून जिचं नाव होतं तिचं प्रमाणपत्र मुख्याध्यापिकेच्या खोलीत चौकटीत टांगलेलं होतं. ती बाई स्वतः वर्षातून दोनदा उगवायची. सगळी शाळा तिला सहीवाल्या बाई म्हणायची. तोंडावर मात्र मॅडम.

नऊ मुलांमधल्या एकाला तिनं नळवाला असं नाव ठेवलं होतं. आठ वर्षांचा, बोलत नसे. हात धुवायच्या जागेचे चारही नळ नीट बंद आहेत, याची खात्री पटल्याशिवाय तो बुड टेकायचा नाही. आधी त्यासाठी किंकाळ्या फोडायचा. किंकाळीऐवजी नळाचं चित्र असलेलं कार्ड हातात द्यायचं, एवढी एक गोष्ट शिकवायला तिला सात महिने लागले होते. सात महिने आणि दंडावर दातांच्या दोन खुणा.

गुरुवारी तपासणी होती. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, सकाळीच तिच्यापुढे निळा एप्रन धरून उभ्या राहिल्या.

"ताई, आज एवढा घाला. आणि कुणी काही विचारलं तर 'बाईंना विचारा' म्हणायचं. तुम्ही हुशार आहात, फार सांगायला नको."

ती दाराशी उभी राहिली. आत सहीवाल्या बाई खुर्चीवर, शेजारी तपासणी अधिकारी, आणि बाई हिच्याच वहीतून हिचंच लिखाण घडाघडा वाचून दाखवत होत्या. मधेच नळवाला उठला, बाईंच्या समोरून जाऊन दाराकडे निघाला आणि त्यानं कार्ड हिच्यापुढे धरलं. बाईंनी त्याचं मनगट पकडलं.

"नंतर हं राजा. आधी बस बघू."

त्याला 'नंतर' कधीच म्हणायचं नसतं. वहीत तिसऱ्या पानावर लाल शाईनं लिहिलं होतं. बाई अजून दुसऱ्यावर होत्या.

पोरानं जमिनीवर अंग टाकलं आणि डोकं आपटायला सुरुवात केली. बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. तिला उभं राहवेना. ती गेली, गुडघ्यावर बसली, एक तळहात त्याच्या डोक्याखाली घातला, दुसरा कार्डासाठी पुढे केला. "नळ. चार," एवढंच म्हणाली. तो उठला. दोघं जाऊन नळ बघून आले आणि तो जागेवर बसला. सगळा प्रकार तीन मिनिटांचा.

दुपारी मोठ्या बाईंनी तिला शेरा वाचून दाखवला. मूळ शिक्षिकेनं आखलेलं नियोजन उत्तम. मदतनीस मुलांचे अति लाड करते, त्यामुळे शिस्तीत व्यत्यय येतो. तिला समज द्यावी.

"तर दिली हं समज," मोठ्या बाई हसून म्हणाल्या. "मनाला लावून घेऊ नका. मान्यता टिकली, आणखी काय हवं?"

तिच्या कानशिलांतून आग निघत होती. बाहेर व्हरांड्यात सहीवाल्या बाई चहा पीत होत्या. टेबलावर तिमाही अहवालांचे नऊ कोरे कागद, आणि त्या एका हातात कप धरून दुसऱ्या हातानं प्रत्येकाच्या तळाशी सही ठोकत चालल्या होत्या.

"कोऱ्यावरच?" ती म्हणाली.

"वरचं तू भर. तुझं अक्षर छान आहे." मग बाईंनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. "चिडलीस. मीही चिडायचे. अकरा वर्षं शिकवलं गं मी. पाठीचा मणका गेला आणि पगार वाढून वाढून झाला पंधरा. आता चार शाळांच्या भिंतींवर माझं प्रमाणपत्र आहे. प्रत्येकीचे सहा हजार. घरबसल्या चोवीस."

बाईंनी पुढच्या कागदावर सही ठोकली.

"तू पदवी घे. मी सांगते म्हणून घे. फी वर्षाच्या आत वसूल होईल. फक्त शिकवू नकोस. शिकवायला गेलीस की तोटा."

घरी येऊन तिनं हे सगळं सांगितलं ते नवऱ्यानं आपल्याबरोबर चिडावं म्हणून. तो चिडला नाही. त्यानं ड्रॉवर उघडला आणि पेन शोधायला लागला.

"चोवीस? महिन्याला?"

"हो."

"अगं, मग दहा महिन्यांत सगळं वसूल! हे आधी कुठं होतं? भर की फी. उद्याच भर."

"आणि घरीच बसणार असशील तर बरंच आहे," सासूबाई म्हणाल्या. "पोरगीही डोळ्यांसमोर राहील."

तिनं ताटली ओट्यावर इतक्या जोरात ठेवली की पोरगी दचकली.

"सोमवारी मी शिकवायचं म्हणत होते तेव्हा आपल्याकडे पैसे नव्हते. आज न शिकवायचं म्हटलं तर लगेच आहेत?"

"मी आकड्यांचं बोलतोय..."

"मीपण आकड्यांचंच बोलतेय! नऊ पोरांचं हगणं-मुतणं काढून, त्यांना बोलतं करून नऊ हजार. आणि भिंतीवर लटकायचे चोवीस. हा आकडा तुला टोचत नाही? तुझ्या ऑफिसात तुझं काम तू करायचंस आणि पगार दुसऱ्या कुणी घरी न्यायचा, चालेल तुला? उद्या हिला तसली शाळा लागली तर?" तिनं मुलीकडे बोट केलं आणि स्वतःच हादरली. हे वाक्य तीन वर्षं तिच्या घशात अडकून होतं. कुणालाही ते कळू द्यायचं नव्हतं.

नवऱ्यानं पेन खाली ठेवलं.

शुक्रवारी तिनं अहवाल लिहिले. सही केलेल्या कागदांवर नाही, स्वतःच्या वहीची पानं नीट कापून त्यांवर. नऊ मुलं, नऊ पानं. खाली स्वतःची सही, आणि सहीखाली स्वच्छ अक्षरात 'वर्गात रोज शिकवणारी मदतनीस. पदवी नाही.' शाळा सुटताना फाटकाशी उभी राहून तिनं एकेक पान एकेका आईबापाच्या हातात दिलं. नळवाल्याचे वडील ते तिथंच उभ्या उभ्या वाचायला लागले. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"मग आम्ही पात्र शिक्षिकेची जादा फी भरतो, ती कसली?"

"ते आत विचारा," ती म्हणाली.

त्यांनी विचारलं. दोन आयांनीही विचारलं. सगळे गेल्यावर मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. सही केलेले नऊ कोरे कागद तिनं त्यांच्या टेबलावर ठेवले.

"यांवर काय लिहायचं ते बाईंनाच विचारा."

"कुठल्या अधिकारात सह्या केल्यात तुम्ही? शाळेच्या नावाला काळं फासलंत! सोमवारपासून यायचं नाही."

"बरं."

ती दारापर्यंत पोचली असेल-नसेल.

"थांबा. सोमवारी या. सोमवारी त्या नऊ जणांना कोण बघणार? दुसरी मिळेपर्यंत या."

"दुसरी नऊ हजारांत मिळेल?"

फोन वाजत होता, तो मोठ्या बाईंनी उचलला नाही.

शनिवारी ती फीच्या रांगेत उभी होती. लग्नाआधीच्या नोकरीत साठवलेली ठेव तिनं सकाळी मोडली होती. पहिल्या हप्त्यापुरती ती होती, पुढचं पुढे. नवरा सोबत येतो म्हणाला होता. तिनं त्याला पोरीपाशी थांबवलं होतं. राग अजून उतरला नव्हता. रात्री झोपून तो उतरेल असं वाटलं होतं, पण तो तिच्याबरोबरच उठला, तिच्याबरोबरच आवरून बाहेर पडला.

पुढे विशीतली एक मुलगी होती. नवी बॅग, नवी फाईल, उत्साहानं नुसती फुललेली.

"ताई, तुम्ही या क्षेत्रातल्या वाटता. यात पगार किती मिळतो हो?"

तिला गोड काहीतरी सांगता आलं असतं.

"शिकवलंस तर चौदा," ती म्हणाली. "आणि शिकवणाऱ्याच्या जिवावर नुसत्या सह्या केल्यास तर चोवीस."

मुलीचा चेहरा उतरला. ती फाईल उघडून उगाच कागद चाळायला लागली. खिडकीतल्या कारकुनाचं "पुढचे!" म्हणून दोनदा ओरडून झालं.

"तुम्ही व्हा पुढे," मुलगी बाजूला होत म्हणाली. "मी जरा घरी फोन करते." मग जाता जाता वळली. "पण तुम्हाला माहितीय, तरी तुम्ही भरताय?"

"माहितीय म्हणूनच तर संताप होतोय," ती म्हणाली, आणि पैसे खिडकीतून आत सरकवले. "मोजून घ्या हो. आणि पावतीवर माझं नाव नीट लिहा."